नऊ नंबरच्या कॉटेजमधला पसारा

घर पाच दिवस बंद राहणार, म्हणून फौजदारीणबाईंनी ते आधी तीन दिवस घासलं. भांडी घासली, भांड्यांची फळी घासली, फळी काढून तिच्यामागची भिंत घासली. घासायला काही उरलं नाही तेव्हा दाराबाहेरच्या बेलचं बटण घासलं, आणि ते इतकं घासलं की त्यावरचं घंटेचं चित्र गेलं.

"अगं, घर बंद राहणार. बघणार कोण?" घड्याळजींनी विचारलं.

"चोर."

"हं?"

"चोर आला तर? चार घरं हिंडणारा माणूस तो. उद्या दुसरीकडे जाऊन सांगेल, तिसऱ्या मजल्यावर कपाटामागे जळमटं होती म्हणून. चोरून नेलेलं परत येतं एखादे वेळी. गेलेलं नाव येत नाही."

घड्याळजींनी मान डोलावली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांचा एक डोळा बारीक झाला होता आणि बोलणं त्याहून बारीक. दिवसाला मोजून दहा-बारा वाक्यं, त्यातली निम्मी 'हं'. उरलेलं सगळं बोलणं बाई बोलत, त्यामुळे घरात बोलण्याचा तुटवडा असा कधी पडला नाही.

फौजदारीणबाईंच्या घरात सात पिढ्यांत कोणी पोलिसात नव्हतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला जिन्यात उभं करून "कुठं गेला होतात, हातात काय आहे, चपला कुठं काढणार" अशी उलटतपासणी घ्यायची त्यांची पद्धत होती, त्यावरून इमारतीनं हे नाव ठेवलं. पाठीमागेच म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं दाखवायला त्यांना फार आवडायचं. शाळा चौथीपर्यंत. पण मोठमोठ्या शिकलेल्यांच्या खिडक्यांच्या काचा त्यांनी बघितल्या होत्या, त्यामुळे शिक्षणाचा धाक त्यांना कधी वाटला नाही.

तर लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं आणि सुनेनं दोघांना एका बेटावर पाठवायचं ठरवलं. भोवती समुद्र, माडाची झाडं, वाळूवर सुट्या सुट्या कॉटेजा, आणि शांतता. शांततेचं नाव पत्रकात पाच ठिकाणी होतं.

"आई, तिथं काही करायचं नाही," मुलगा म्हणाला. "नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला समुद्र ओलांडून कशाला जायचं? नुसती बसलेली माणसं आपल्या इमारतीत काय कमी आहेत?"

पण घड्याळजी ते पत्रक भिंगातून बघत बसले होते. समुद्राच्या चित्रावरून त्यांचा बारीक डोळा हलेना. चित्रात एक खुर्ची होती, खुर्चीत कोणी नव्हतं. बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, जाऊ. पण माझ्या नावावर नाही. ह्यांच्या नावावर."

ही बातमी जिन्यातून खाली जायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सल्ले वर आले. पहिल्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडक्लार्क म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता, पण समुद्राबद्दलची सगळी परिपत्रकं त्यांना पाठ होती. "प्रत्येक कागदाच्या तीन प्रती घ्या," ते म्हणाले. "आणि सही करताना तारीख घालू नका." का, ते त्यांनी सांगितलं नाही. शहाणपण अर्धंच सांगायचं असतं.

खरा घाव घातला तो समोरचीनं. समोरची म्हणजे समोरच्या दारातली. तिचा जावई तिला अशाच एका हॉटेलात घेऊन जाऊन आला होता, आणि तेव्हापासून ती चहासुद्धा करंगळी वर करून प्यायची.

"तुम्हाला जमेल ना हो?" तिनं दारातूनच विचारलं. "नाही, तिथं सगळं करायला माणसं असतात. आपण हात लावला की हसतात. खोली आवरायलासुद्धा रोज एक बाई येते."

"रोज?"

"रोज. चादरी ओढते, केराची बादली बघते, न्हाणीघरात जाते."

बाईंनी मनाशी हिशेब केला. परकी बाई. रोज. आपल्या उशीवरचे केस बघणार, आपली केराची बादली बघणार. चोर निदान अंधारात येतो. ही दिवसाढवळ्या येणार, आणि तिला चहासुद्धा विचारावा लागणार.

"जमेल की," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "पाच दिवस बोट उचलणार नाही. लिहून ठेवा."

आणि घरात येऊन त्यांनी बॅगेच्या तळाशी दोन फडकी, एक घासणी आणि फिनेलची बाटली घातली. झाडू मावेना. तो घड्याळजींच्या लांब छत्रीच्या पिशवीत घातला. छत्री घरी राहिली.

धक्क्यावर सामान तपासायचं यंत्र होतं. पहारेकऱ्यानं पडद्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"ह्या पिशवीत काय आहे?"

"छत्री."

पिशवी उघडली. मागची रांग पुढे झुकली. पहारेकरी भला माणूस होता, पण त्याच्या हातात फॉर्म होता आणि फॉर्मपुढे भलेपणाचं काही चालत नाही. बेटावर न्यायच्या वस्तूंचे रकाने ठरलेले होते: कपडे, औषधं, कॅमेरा, वाद्य, क्रीडासाहित्य. झाडूचा रकाना नव्हता. त्यानं वरच्याला फोन केला, वरच्यानं त्याच्या वरच्याला. बोट अर्धा तास थांबली. शेवटी निकाल लागला आणि पहारेकऱ्यानं फॉर्मवर लिहिलं: 'क्रीडासाहित्य – नग एक.' झाडूला चिठ्ठी बांधली. "परत येताना दाखवायचं," तो म्हणाला.

बेटावर उतरल्या उतरल्या एका नम्र मुलीनं ताटलीतून गार, ओला, वळकटी केलेला छोटा टॉवेल पुढे केला. बाईंनी तो घेतला. मनात म्हणाल्या, वा रे पाहुणचार, आल्या आल्या फडकं हातात! पण कामाला नाही म्हणणं रक्तात नाही. त्यांनी समोरचं काउंटर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून दिलं, फुलदाणी उचलून तिच्याखालीसुद्धा पुसलं, आणि टॉवेल पिळून परत ताटलीत ठेवला. घड्याळजींनी आपल्या टॉवेलनं तोंड पुसलं तेव्हा बाई त्यांच्यावर खेकसल्या, "अहो, फडकं आहे ते!"

मॅनेजर पुढे आला. तरुण, इस्त्रीदार, आणि बोलणं असं की जणू शेजारच्या खोलीत कोणी शेवटचे श्वास मोजतंय.

"आमच्याकडे शांतता ही खासियत आहे," तो कुजबुजला.

"कोण आजारी आहे?" बाईंनी विचारलं. माडावरचे दोन पक्षी उडाले.

मग उशांचा फॉर्म आला. सात प्रकारच्या उशा, त्यातली कोणती हवी त्यावर खूण करायची. बाई म्हणाल्या, "डोक्याखाली राहील ती." मॅनेजर म्हणाला, खूण करावीच लागेल. हेडक्लार्कांचा सल्ला आठवून बाईंनी तीन प्रती मागितल्या आणि तिन्हींवर सातही खुणा केल्या, त्यामुळे रात्री एकवीस उशा आल्या.

कॉटेज मात्र नऊ नंबरचं, सुरेख. पांढरा पलंग, पांढरे पडदे, समोर वाळू, वाळूपुढे समुद्र, आणि वाळूत चित्रातल्यासारखीच एक खुर्ची. घड्याळजी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले ते दिवेलागणीलाच उठले. बाईंनी खोलीत कुठं धूळ मिळते का बघितलं. मिळाली नाही. कोणीतरी मन लावून झाडलं होतं. बाईंना आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला.

आता घड्याळजींच्या व्यसनाबद्दल सांगायला हवं. विडी नाही, पत्ते नाहीत, देवमाणूस. पण आंघोळ करून आले की ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. दोरीवर नाही, खिळ्याला नाही. पलंगावर, तोही मधोमध. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी बाई एकच शब्द ओरडत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या शांत बेटावर तोच शब्द घुमला.

"टॉवेल!"

आठ कॉटेजांचे पडदे बाजूला झाले. आणि दोन मिनिटांत तीन नोकर धावत आले, प्रत्येकाच्या हातात चार-चार टॉवेल. मॅनेजरही आला. "मॅडम, फोन केला तरी चालेल," तो कुजबुजला.

ते गेल्यावर बाई कामाला लागल्या. चादरी काढल्या, न्हाणीच्या टबात धुतल्या. टॉवेल धुतले. छत्रीच्या पिशवीतून क्रीडासाहित्य निघालं. दोघांच्या केराचं म्हणजे बिस्किटांच्या कागदांचं पुडकं करून ते स्वतःच्या बॅगेत घातलं, घरी न्यायला. परक्या गावात कशाला आपला केर दाखवायचा? धुतलेलं व्हरांड्यात वाळत घातलं, तर दहा मिनिटांत मॅनेजरची चिठ्ठी आली की समुद्राचं दर्शन अडतं. मग दोरी आत बांधली. घड्याळजींना केस वाळवायचं यंत्र सापडलं. चादर वाळवत बसले बिचारे, एकेक हात करून. वाळलेलं घडी घालून गादीखाली ठेवलं की इस्त्री. खोलीवाली आली तेव्हा खोली अशी होती, की जणू अजून कोणी जन्मालाच आलेलं नाही.

खोलीवाली पस्तिशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ढकलगाडीवर चादरींचा ढीग. दारातच थबकली.

"मॅडम, खोली वापरलीच नाहीत?"

"वापरली की. पण वापरली म्हणून दिसलीच पाहिजे असं कुठाय? आणि मॅडम कोणाला म्हणतेस? मावशी म्हण. ये, बस."

"बसून कसं चालेल, मावशी? चौदा खोल्या आहेत."

"तेरा. ही झाली. चहा घे."

बसली ती संकोचून, खुर्चीच्या कडेवर. अशी बसली म्हणजे बऱ्याच दिवसांत कोणी बस म्हटलेलं नाही, हे बाईंनी ओळखलं. बोलता बोलता कळलं: सहा वर्षं हंगामी. पहिल्या बोटीनं यायचं, शेवटच्या बोटीनं परत, दिराच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरूण. या महिन्यात सहाजणींतून एकीला पक्की करणार होते.

"पक्की झाले की बेटावरच राहायला खोली मिळते," ती म्हणाली. "लहानशीच आहे. पण किल्ली आपल्याकडे. रोज चौदा खोल्या झाडते मी. एक आपली झाडायची आहे."

हे वाक्य बाईंच्या काळजात जाऊन बसलं. त्यांनी मनाशी ठरवलं, हिचं एक कॉटेज तरी आपण हलकं करायचं. आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट घासलं. खिडक्यासुद्धा. रोज खोलीवाली यायची, दहा मिनिटं बसायची, चहा प्यायची, आणि बाई तिला फिनेल किती पाण्यात किती घालावं ते सांगायच्या. घड्याळजी बाहेर खुर्चीत. समुद्र बघत. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोघंही एका वेळी सुखात होती.

चौथ्या दिवशी खोलीवाली आली ती बसलीच नाही. डोळे सुजलेले.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात हो."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"लॉन्ड्रीत नोंद असते. कुठल्या नंबरच्या किती चादरी, किती टॉवेल, केर किती. नऊ नंबरचं तीन दिवस काहीच नाही. सुपरवायझर म्हणतात, तू नऊ नंबरात जातच नाहीस. वर कोणीतरी सांगितलं, मी इथं चहा पीत बसलेली असते. कामचुकार म्हणाल्या मला. सहा वर्षांत पहिल्यांदा. उद्या नाव कापणार माझं. पक्की राहू दे, हंगामीसुद्धा ठेवणार नाहीत."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. फरक एवढाच, की हात बाईंनी दाखवला होता आणि अवलक्षण दुसरीच्या कपाळी आलं होतं. आयुष्यात कोणी बाईंना "तुमचं चुकलं" म्हणालं की बाई त्याच्या दहा चुका काढून परत पाठवत. आज एक सापडेना.

"रडू नकोस," त्या उठल्या. "मी सांगते त्या इस्त्रीवाल्याला."

मॅनेजरच्या ऑफिसात बाईंनी सगळं कबूल केलं. चादरी मी धुतल्या, केर मी लपवला, चहा मी पाजला. मॅनेजर हात जोडून ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं मन मोठं आहे. पण एका नोकर बाईसाठी तुम्ही खोटं बोलायची गरज नाही."

"खोटं?" बाईंचा आवाज चढला. बाहेर एक माळी खाली बसला. "मी? अहो, माझ्या हाताला बघा!"

"इथं येणारे पाहुणे चादरी धूत नाहीत, मॅडम. आजपर्यंत एकानंही धुतलेली नाही."

मग बाईंनी पुरावा काढला. झाडू टेबलावर ठेवला. मॅनेजरनं चिठ्ठी वाचली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "नोंदीप्रमाणे हे क्रीडासाहित्य आहे."

"मग लिहून घ्या माझं म्हणणं!"

त्यानं फॉर्म काढला. त्यावर तीन चौकोन: तक्रार, सूचना, प्रशंसा. कबुलीचा चौकोन नव्हता. घड्याळजी, जे तोवर दारात उभे होते, म्हणाले, "हं." त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मॅनेजर जरा नरमला. म्हणाला, "उद्या सकाळी नऊला सुपरवायझर स्वतः नऊ नंबरात येतील. आवरण्याआधीचे फोटो आणि नंतरचे फोटो. तिच्या कामानं फरक पडलेला दिसला, तर तिचं नाव राहील. नाही दिसला, तर माझ्याही हातात काही नाही."

म्हणजे उद्या नऊ वाजता खोली घाण हवी. आणि परकी बाई येऊन तिचे फोटो काढणार. फौजदारीणबाईंच्या खोलीचे! घराण्याची अब्रू एका परक्या यंत्रात कायमची जाऊन बसणार. त्या दिवशी दुपारी बाई जेवल्या नाहीत. पण रात्री झोपताना म्हणाल्या, "उद्या पसारा करायचा. मी म्हणते म्हणजे करायचा."

सकाळी सातला त्यांनी कंबर कसली. चादर ओढून फेकली. पण हाताला वळण असं, की ती पडली ती चारी कोपरे सरळ ठेवून. टॉवेल जमिनीवर टाकला, तो घडी होऊन पडला. बिस्किटाचा चुरा सांडला. वळून बघतात तर आपल्याच हातानं तो पुन्हा गोळा केलेला. पुन्हा सांडला, तर एका ओळीत. उशा तर एकवीसच्या एकवीस पसरल्या, पण सात-सातच्या तीन रांगांत. आठ वाजले. बाईंना घाम फुटला.

घड्याळजी खुर्चीतून बघत होते. "अगं," ते म्हणाले, "हा पसारा नाही. तू दुकान मांडलंयस."

"मग तुम्ही करून दाखवा ना! मोठे आलात!"

"खरंच?"

"खरंच."

"ओरडणार नाहीस?"

"नाही."

"टॉवेल?"

बाईंनी डोळे मिटले. "टॉवेलसुद्धा."

घड्याळजी उठले. बाह्या वर केल्या. जुनं घड्याळ उघडायच्या आधी मोडायचे तशी दहाही बोटं मोडली. "जरा बाजूला हो," म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मग त्यांनी जे केलं, त्याला नुसता पसारा म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताचा अपमान आहे. पाय वाळूत बुडवून आले आणि गालिच्यावरून सावकाश फिरले. चहा पिऊन कप उशीवर टेकवला, असा की खाली गोल उमटावा. वर्तमानपत्राची पानं सुटी केली, एक पंख्यावर टाकलं. एक मोजा दिव्यावर. दुसरा मोजा कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही. बिस्किट चादरीच्या घडीत घालून वर बसले. साबणाला केस चिकटवले. एवढं बारीक काम घड्याळवाल्यालाच जमावं. शेवटी आंघोळीला गेले, ओलेत्यानंच बाहेर आले, पलंगापुढे उभे राहिले, आणि ओला टॉवेल दोन्ही हातांनी वर उडवला. तो पसरला, हवेत क्षणभर थांबला आणि थप्पकन मधोमध पडला.

त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की बाईंनी ते शेवटचं कधी बघितलं ते आठवेना. बाईंच्या मनात आलं, पंचेचाळीस वर्षं हा माणूस मनातल्या मनातच पसारा करत होता की काय? आणि आपण त्याला दोरी दाखवत बसलो.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"मेल्याहून मेल्यासारखं होतंय," बाई म्हणाल्या. "छान झालंय."

नऊच्या ठोक्याला सुपरवायझर आल्या. हातात टॅब, मागे खोलीवाली. दार उघडल्यावर दोघीही एक पाऊल मागे सरल्या. खोलीवालीनं बाईंकडे बघितलं, पलंगावरच्या टॉवेलकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं मान खाली घातली. रडत होती की हसत होती, ते केसांआड गेलं.

सुपरवायझरनं फोटो काढले. बाई एकेक मोजत होत्या. अठरा झाले.

"इथं दोघंच राहता ना?" सुपरवायझरनं विचारलं.

"दोघंच."

"मग पहिले तीन दिवस एकही चादर लॉन्ड्रीत कशी आली नाही?"

"मीच बदलू दिली नाही," बाई म्हणाल्या. "ही बिचारी रोज यायची. मीच म्हणायचे, राहू दे, बस, चहा घे. आम्हाला असंच आवडतं."

"असंच? म्हणजे घरीसुद्धा..."

तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, त्या फळीमागची ती भिंत, ते चित्र गेलेलं बेलचं बटण, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं.

"घरी," बाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "घरी याहून वाईट असतं."

खरं सांगितलं तेव्हा कोणी मानलं नव्हतं. खोटं बोलल्या, तर लगेच टॅबवर नोंद झाली.

खोलीवाली कामाला लागली. बाईंनी हात पाठीमागे घट्ट धरले. काम नेटकं होतं, आपल्यासारखंच, जवळजवळ. फक्त पलंगाच्या डाव्या पायाखाली वाळू राहिली. बोलायचं नाही म्हणजे नाही. बाईंनी समुद्राकडे बघत बघत पायाचा अंगठा तिकडे रोखला. खोलीवालीनं बघितलं आणि तो कोपरा काढला. पंचवीस मिनिटांत खोली आरशासारखी. नंतरचे फोटो काढून झाले, आधीच्यांशी ताडून झाले. जाता जाता सुपरवायझर खोलीवालीच्या कानाशी म्हणाल्या, "अशी माणसं, आणि चार दिवस तू एक शब्दानं तक्रार केली नाहीस?" त्या बेटावर कुजबुज फार लांबवर ऐकू जाते. बाई तोंडात मूग धरून उभ्या राहिल्या.

दुपारी धक्क्यावर बोट लागली तेव्हा खोलीवाली धावत आली. जुडग्यात एक किल्ली वेगळ्या दोऱ्यात बांधलेली होती. तिनं ती नुसती वर धरली.

"बघितलीस खोली?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही, मावशी. आधी झाडते, मग बघते."

"शहाणी आहेस." बाईंनी छत्रीच्या पिशवीतून झाडू काढून तिच्या हातात दिला. "चांगला आहे. कोपऱ्यात जातो."

पलीकडे उतरल्यावर पहारेकऱ्यानं फॉर्म बघितला. "क्रीडासाहित्य नग एक होता. कुठंय?"

"जिंकलेल्याला देऊन टाकला," घड्याळजी म्हणाले. पूर्ण वाक्य. बाईंनी वळून बघितलं.

घरी चोर आला नव्हता. थोडं वाईटच वाटलं. परतल्याच्या चौथ्या दिवशी मुलगा आला, मोबाईलवर बेटावरचं पत्र घेऊन. समोरचीही नेमकी साखर परत करायला आली होती. अशा वेळी तिची साखर बरोबर संपते आणि बरोबर येते. मुलानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: पाहुणे अत्यंत प्रेमळ, पुन्हा यावे. मग त्याचा आवाज बारीक झाला. "खोलीच्या स्वच्छतेबाबत पाहुण्यांनी किमान काळजी घ्यावी, ही नम्र विनंती. फोटो सोबत."

"फोटो?" समोरची मोबाईलवर झुकली. बघितलं. पुन्हा बघितलं. करंगळी आपोआप खाली आली. "अगंबाई! फौजदारीणबाई, हे तुमचं?" तोंडावर म्हणाली, भानच राहिलं नाही तिला.

"माझंच," बाई म्हणाल्या. "म्हटलं होतं ना, पाच दिवस बोट उचलणार नाही म्हणून?"

समोरची साखर तशीच घेऊन परत गेली. इमारतीला कळायला आता फार तर पाव तास. मुलगा तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिला. बाईंनी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मोठ्या मनानं सगळीकडे सांगितलं असतं, फिरत फिरत ते बेटावरही पोचलं असतं, आणि एका किल्लीचा प्रश्न होता.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. घड्याळजी बाहेर आले, गुणगुणत. आणि हाताला लागलेल्या नव्या सवयीनं म्हणा की जुन्या, ओला टॉवेल थप्पकन पलंगावर पडला. मधोमध.

मुलगा दोन पावलं मागे सरला. घड्याळजी जागच्या जागी गोठले. बाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला. तिथंच थांबला.

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "मोजून पाच. मग दोरीवर."

आणि त्या चहा ठेवायला आत वळल्या. परत आल्या तेव्हा टॉवेल पलंगावरच होता, आणि घड्याळजी स्टुलावर चढून, भिंग न लावताच, भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा हलक्या बोटानं दहा मिनिटं मागे घेत होते. बाईंनी ते बघितलं, आणि चहाला अजून उकळी आली नाही म्हणत पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.